बिनतारी हौशी मंडळी व जाहिरातीचा तंटा

पिट्सबर्ग शहराला लागून विल्किन्सबर्ग नांवाचें एक गांव आहे. वेस्टिंगहाउस कंपनींतील इंजिनियर फ्रँक कॉनरॅड हे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तेथें रहात असत. घराच्या गॅरेजमध्यें त्यांनीं स्वतःचें बिनतारी यंत्र उभारलें होतें, आणि ८-एक्स-के या खुणेनें ते दूरदूरच्या हौशी मंडळींशीं संभाषण करीत. एकसारखें बोलत राहण्यापेक्षां बरें, म्हणून १९१९ सालीं त्यांनीं यंत्रापुढें फोनोग्राफ ठेवून गाण्याच्या तबकड्या वाजविण्यास आरंभ केला. ऐकणारांना त्याची इतकी गोडी लागली कीं घरांतल्या तबकड्या पुरेनात. तेव्हां गांवांतील एका दुकानदारानें नव्या तबकड्या उसन्या देण्याचें कबूल केलें. अट एवढीच, कीं तबकडी कोठून आली तें वाजवितांना सांगावें. कॉनरॅडनीं ती मान्य केली. वाजविलेल्या तबकड्यांचा खप न वाजविलेल्यांहून अधिक होतो, असें त्या दुकानदाराच्या लवकरच ध्यानांत आलें, असें सांगतात.

या व्यवहारांत पैसा कोणीं घेतला नाहीं. तथापि दुकानाचें नांव शेंकडो कानांवर पडलें आणि माल खपला. ही जाहिरात म्हणावी कीं उपकाराची पोंच? हौशी मंडळींत पुढें जे तंटे झाले, त्या बहुतेकांचें बीज या एका प्रश्नांत आहे.

पुढील हकीकत वेगानें घडली. १९२० च्या सप्टेंबरांत पिट्सबर्गमधील एका मोठ्या दुकानानें वर्तमानपत्रांत छापलें, कीं हें हवेंतलें संगीत ऐकण्याचे तयार संच दहा डॉलरपासून मिळतील. ती जाहिरात वेस्टिंगहाउसचे उपाध्यक्ष हॅरी डेव्हिस यांच्या दृष्टीस पडली. संच विकावयाचे तर कार्यक्रम रोज पाहिजे हें त्यांनीं ओळखलें, आणि २ नोव्हेंबर १९२० रोजीं के-डी-के-ए केंद्र सुरू झालें. जानेवारी १९२२ मध्यें अमेरिकेच्या वाणिज्य खात्यानें हौशी केंद्रांना संगीत, व्याख्यानें, बातम्या व बाजारभाव प्रसृत करण्याची बंदी केली. त्याच वर्षीं २८ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या डब्ल्यू-ई-ए-एफ केंद्रानें एका घरबांधणी कंपनीकडून ५० डॉलर घेऊन तिच्या वतीनें भाषण होऊं दिलें. ज्याच्या गॅरेजांतून ही सारी कल्पना निघाली त्याच्या जातभाईंना दार बंद, आणि वेळ विकणारांना तें उघडें, असा हा न्याय झाला. (आपल्याकडे विविधभारतीवर जाहिराती आल्या त्या १९६७ सालीं, मुंबई, पुणें व नागपूर या केंद्रांवरून.)

१९२७ सालीं वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तींत हौशी कोणास म्हणावें याची व्याख्या ठरली. ज्याला बिनतारी विद्येची केवळ व्यक्तिगत आवड आहे आणि जिच्यांत ज्याचा द्रव्यलाभ नाहीं, असा अधिकृत परवाना मिळालेला मनुष्य तो हौशी. द्रव्यलाभाचा हा निषेध आजहि जगभर कायम आहे. तो हौशी मंडळींवर लादला गेला असें मात्र समजूं नये. त्यांपैकीं बहुतेकांना तो मनापासून हवा होता, आणि त्याचें कारण अगदीं व्यावहारिक आहे. त्यांना लहरींचे पट्टे कांहीं भाडें न देतां मिळालेले असतात, व त्याच लहरींवर व्यापारी कंपन्यांचा डोळा असतो. ही भीति काल्पनिक नव्हे. अमेरिकेंत १९९१ सालीं २२० ते २२२ मेगाहर्ट्झ हा पट्टा हौशी मंडळींच्या हातून गेला, आणि तो धांवत्या वाहनांच्या व्यावसायिक दळणवळणासाठीं राखण्यांत आला. ज्या पट्ट्यावर हौशीच व्यापार करूं लागतील, तो व्यापाऱ्यांना कां देऊं नये, या प्रश्नाला मग उत्तर उरत नाहीं.

परंतु कडक नियमाचा जाच घरच्या माणसालाच अधिक होतो. अमेरिकेंत कित्येक वर्षें हौशी लहरींवरून धंद्यासंबंधीं कोणताहि संदेश पाठविणें निषिद्ध होतें. हौशी क्लबांनीं डोंगरमाथ्यावर बसविलेल्या यंत्रांतून मोटारींत बसल्या बसल्या टेलिफोन लावण्याची सोय झाली, तेव्हां या नियमाची खरी कसोटी लागली. घरीं जातां जातां एखाद्यानें खाणावळीला फोन करून पिझ्झा मागविला, तर तो धंद्याचा संदेश ठरे. दुकान उघडें आहे काय एवढें विचारणेंहि वादग्रस्त होई. क्लबाच्या सभांतून यावर रणें माजत. एक पक्ष म्हणे, आज पिझ्झा, उद्यां मालाची वाहतूक. दुसरा म्हणे, भुकेल्या माणसाला भाकरी मागण्यांत कसला व्यापार? १९९३ सालीं केंद्रीय दळणवळण आयोगानें नियमच बदलला. संदेशाचा विषय काय हें पाहण्याचें सोडून, बोलणाराचा त्यांत द्रव्यलाभ आहे काय एवढेंच पहावयाचें ठरलें. पिझ्झा विकणारानें या लहरींवर गिऱ्हाइकाला हांक मारूं नये. विकत घेणारानें खुशाल मागवावा. वादाचें मूळच यामुळें बदललें, आणि वर्षानुवर्षांचें भांडण बऱ्याच अंशीं मिटलें.

यंत्रांच्या खरेदीविक्रीचा प्रश्न याहून नाजूक. हौशी मनुष्य नवें यंत्र घेतो तेव्हां जुनें त्याला काढावें लागतें, व तें घेणारा दुसरा हौशीच असतो. यासाठीं नियमांत एक खिडकी ठेविली आहे. हौशी केंद्रांत सामान्यतः लागणारीं यंत्रें विकावयाचीं अगर बदलावयाचीं असल्यास इतर हौशींना तसें कळवितां येतें, मात्र हें नेहमीं नेमानें करतां कामा नये. 'नेहमीं' म्हणजे किती वेळां, तें कोठें सांगितलेलें नाहीं. हा आंकडा न घालण्यांतच शहाणपण दिसतें. आंकडा घातला असता तर धंदेवाल्यानें एक कमी करून बाकीच्या वेळीं बिनदिक्कत माल विकला असता. दर आठवड्याला भरणाऱ्या हवेंतल्या बाजाराला कोणी हरकत घेत नाहीं. तेथें दर आठवड्याला तोच गृहस्थ नवनवा माल घेऊन येऊं लागला म्हणजे मात्र कुजबुज सुरू होते.

हाच भेद छापील पानांवरहि फार पूर्वीं केलेला आढळतो. अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था १९१४ सालीं निघाली, आणि १९१५ च्या डिसेंबरापासून तिचें क्यू-एस-टी हें मासिक चालत आलें आहे. त्यांतील छोट्या जाहिरातींच्या सदरांत स्वतःचीं वापरलेलीं यंत्रें विकणाऱ्या हौशी माणसाला शब्दाला ७ सेंट असा सवलतीचा दर बरींच वर्षें होता, आणि धंदेवाल्याला त्याच्या कित्येक पट. एकट्या मनुष्यानेंहि नफ्यासाठीं घाऊक माल काढला, तर त्याला धंदेवाल्याचाच दर लागे. निर्णय संपादकांचा. बंदी न घालतां दरांत फरक ठेवण्याची ही युक्ति साधी असली, तरी तिनें तंटे पुष्कळ वांचले असतील.

नोकरदारांचा वाद मात्र गंभीर निघाला. रुग्णालयांतील नोकर स्वतः परवानाधारक हौशी असेल, तर भूकंप-वादळाच्या तयारीच्या कवायतींत त्यानें आपल्या रुग्णालयातर्फें बोलावें कीं नाहीं? पगार तर तो घेतोच. २००९ सालीं आयोगानें असें बोलणें नियमाविरुद्ध असल्याचें स्पष्ट केलें, आणि संकटसमयीं उपयोगी पडण्याची हौस बाळगणारे अस्वस्थ झाले. २०१० मध्यें तोड निघाली: अशा कवायतींत मालकातर्फें भाग घ्यावा; सरकारी नसलेल्या कवायती आठवड्यांतून एक तासाहून अधिक नसाव्यात, आणि वर्षांतून दोनदां त्या ७२ तासांपर्यंत चालाव्यात.

नियम कोणीं मोडला तर पहिला उपाय दंडाचा नव्हता. लीगनें अनेक दशकें स्वयंसेवक निरीक्षक नेमले होते. ते आपल्या घरीं बसून लहरी ऐकत, आणि चुकणाराला एक कार्ड टाकीत: अमुक दिवशीं, अमुक वेळीं, अमुक लहरीवर आपणांकडून असें झालें, कृपया लक्ष द्यावें. तें कार्ड खाजगी असे, चारचौघांत बोभाटा होत नसे. ही व्यवस्था जाऊन अलीकडे आयोगाशीं करार करून नवीन स्वयंसेवक नेमण्यांत आले आहेत. जुन्या निरीक्षकांजवळ आणखी एक निराळें कार्ड असे. तें विशेष नीटनेटकें काम करणाऱ्या केंद्राकडे जाई.