घरबसल्या गावचा इतिहास



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. इतिहास का घरी बसून होतो? इतिहासाचार्य राजवाडे अंगावरच्या कपड्यांनिशी गावोगाव हिंडले, वाड्यावाड्यांतून दप्तरे मागत फिरले, तेव्हा कुठे १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. आणि आम्ही मात्र खाटेवर लोड टेकून, हातात मोबाइल धरून संशोधन करणार! ही थट्टा मला मान्य आहे. तरीही गेली काही वर्षे मी हाच उद्योग करीत आहे. त्यात काय मिळाले, कोठे फसलो आणि काय मिळतच नाही, हे आपल्यापुढे मांडावे एवढाच आज माझा हेतू आहे.

प्रथम काय मिळते ते पाहू. आपल्या जिल्ह्याचे गॅझेटियर १८८४ साली छापले गेले. मुंबई इलाख्याच्या मालेतला तो सतरावा खंड. माझ्या विद्यार्थिदशेत हा ग्रंथ पाहायचा म्हणजे मोठ्या ग्रंथालयात जावे, चिठ्ठी भरावी, ग्रंथपालांची मर्जी सांभाळावी आणि दिवे लागायच्या आत पुस्तक परत करावे, असा क्रम होता. आज तो ग्रंथ पानन्‌पान आपल्या हातातल्या यंत्रावर उघडतो. राजवाड्यांचे खंड उघडतात, सरदेसायांनी १९३० नंतर संपादिलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंडही उघडतात. जिल्ह्यातल्या गावागावांची लोकसंख्या देणाऱ्या जुन्या जनगणना-पुस्तिका आहेत, भारतीय सर्वेक्षण खात्याचे नकाशे आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूचीही ‘अभिलेख पटल’ या नावाने खुली झाली आहे. म्हणजे साधनांची वाण नाही. वाण आहे ती शोधायचे कसे याच्या जाणतेपणाची.

मी पहिली ठोकर खाल्ली ती नावाशी. २०२४ साली आपल्या जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. चौंडीची लेक जिल्ह्याच्या नावात आली. पण हे नाव लिहून जुने कागद शोधाल तर हाती काही लागणार नाही, आणि ‘अहमदनगर’ लिहूनही निम्मेच लागेल. साहेब लोक कानाला ऐकू येईल तसे लिहीत. त्यांच्या जुन्या पुस्तकांत आपले गाव ‘अहमदनग्गर’ असे अवतरते. शेवगावचे शिवगाव होते. खर्ड्याची तर गंमतच आहे. ११ मार्च १७९५ रोजी जामखेडजवळ मराठ्यांनी निजामाला जिथे नमविले, ते खर्डे इंग्रजी ग्रंथांत मी दोन महिने शोधत होतो. लढाई एवढी मोठी, आणि तिचा पत्ता नाही! शेवटी कळले, की साहेबाने तिचे नाव ‘कुर्डला’ असे लिहिले आहे. एवढे कळल्यावर मग पानेच्या पाने निघाली.

उलटही फसगत होते. जुन्या गॅझेटियरात ‘अकोला तालुका’ दिसला की आपण थेट वऱ्हाडात पोहोचतो. वास्तविक तो आपला अकोले. कर्जत म्हटले की कोकणातले कर्जत मध्ये येते. श्रीगोंद्याचे चांभारगोंदे हे जुने नाव ठाऊक नसेल, तर अर्धा तालुका हरवलाच म्हणून समजा. आणि श्रीरामपूरकरांनी १८८४च्या ग्रंथात आपले शहर शोधू नये. तिथे बेलापूर आहे. श्रीरामपूर ही विसाव्या शतकाची वसाहत. रेल्वेने अजूनही स्टेशनचे नाव बेलापूरच ठेवले आहे, ते उगाच नाही. म्हणून माझी विनंती अशी, की शोध घेण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे आणि गावाला, ओढ्याला, वेशीला पूर्वी काय म्हणत असत ते विचारून घ्यावे. यंत्रात घालायचा शब्द यंत्रापाशी नसतो, तो आजीपाशी असतो.

आता छापलेल्या पुराव्याने काय साधते याचे एक उदाहरण. शहराच्या पूर्वेच्या डोंगरावरचा तो अष्टकोनी तिमजली मनोरा आपण सारेच लहानपणापासून ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून पाहत आलो. सहली नेल्या, डबे खाल्ले, पोरांना चांदबिबीच्या शौर्याच्या गोष्टी सांगितल्या. चांदबिबीने १५९५-९६ साली मोगलांविरुद्ध किल्ला लढविला आणि १६०० साली ती मारली गेली, हे खरे. पण तो महाल तिचा नव्हे, महालच नव्हे. ती मुर्तझा निजामशहाचा कारभारी सलाबतखान याची कबर आहे. गॅझेटियर उघडले की हे समजायला पाच मिनिटे लागतात. एका मित्राला सांगितले तर तो रागावला. म्हणाला, “आमची चांदबिबी कशाला काढून घेता?” मी म्हटले, “बाबा रे, तिला किल्ला आहे की! त्या सलाबतखानाची मात्र एकुलती एक कबर आहे.”

तथापि छापलेले म्हणजे खरे असेही समजू नये. गॅझेटियर हा राज्यकर्त्यांनी राज्य चालविण्यासाठी लिहविलेला ग्रंथ आहे. त्याचे डोळे महसुलाकडे लागलेले. १८०३ची हकीकत घ्या. ऑगस्टच्या ८ तारखेस आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिड्या लावून पेठेचा तट ओलांडला, १० तारखेस किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या आणि १२ तारखेस शिंद्यांच्या किल्लेदाराने किल्ला खाली करून दिला. वेलस्लीची त्या दिवसांतली पत्रे छापलेली आहेत व तीही घरबसल्या वाचता येतात. अतिशय नीटस पत्रे. परंतु ती सगळी तटाच्या बाहेरून पाहणाऱ्याची आहेत. त्या दिवशी पेठेतल्या कासाराने दुकानाची फळी केव्हा लावली, कोष्ट्याच्या मागावर अर्धे राहिलेले लुगडे कोणी नेले, हे वेलस्लीने लिहिले नाही. त्याने का लिहावे?

बाहेरच्याने लिहिलेले नेहमीच कोरडे असते, असे मात्र नाही. अमेरिकन मिशन नगरात आले १८३१ साली. सिंथिया फॅरार या बाई १८३९ साली येथे आल्या आणि मुलींच्या शाळा चालवीत आयुष्यभर येथेच राहिल्या. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली निघाले ते आपल्याच गावातून. मिशनची ही मंडळी बोस्टनला नियमाने अहवाल धाडीत: अमुक शाळा, इतक्या मुली, अमक्या पेठेत विरोध झाला. तो विरोध करणारे आपलेच पणजोबा-खापरपणजोबा असणार, हे वाचताना ध्यानात ठेवावे. धर्मप्रसाराचा त्यांचा हेतू वजा करून वाचले, तर नगरच्या मुली पाटीवर पहिल्यांदा काय लिहू लागल्या याची दुसरी इतकी सलग हकीकत मला सापडलेली नाही. समुद्रापार गेलेली ती पत्रे पावणेदोनशे वर्षांनी आपल्या खिशात परत आली आहेत.

मग पेठेच्या आतल्या बाजूचे कागद कोठे आहेत? ते यंत्रात नाहीत. ते आपल्या माळ्यावर आहेत, किंवा होते. आमच्या नेवासे तालुक्यातल्या घरी एक शिसवी पेटी होती. तीत मोडी कागदांचे चार रुमाल. आजी दर थंडीत बंब पेटवायला त्यातले मूठभर कागद घेई. ते छान सुकलेले असत आणि चटकन पेटत. मीही पोरवयात ते हाताने पुरविले आहेत. मला कळू लागले तेव्हा एक रुमाल उरला होता. आज बंब गेले, तरी वाडा पाडताना रद्दीवाला आहेच.

त्या एका रुमालासाठी मी साठीनंतर मोडी शिकलो, तीही यंत्रावरच्या धड्यांवरून. अक्षर लावण्याइतकाच साल लावण्यात आनंद आहे. जुन्या पत्रांत शुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. ‘अर्बा मयातैन व अलफ’ म्हणजे चार, दोनशे आणि एक हजार: १२०४. हा सन मृगाला, म्हणजे जूनच्या आरंभी, बदलतो. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे मृगापर्यंत ६०० मिळवावे, की इसवी सन येतो. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्याला अचानक भाव आला आणि पुष्कळांनी आपल्या पेट्या प्रथमच उघडल्या. निमित्त काही असो, पेट्या उघडल्या हे मला महत्त्वाचे वाटते. उघडल्यावर खिडकीच्या उजेडात एकेका पानाचे छायाचित्र घ्यावे, पाठकोऱ्या बाजूचेही. कागद कोणाच्या घरचा, कोणत्या गावचा हे सोबत लिहून ठेवावे. मूळ रुमाल मात्र फेकू नये.

आणि यंत्रावरच्या भांडारावरही फार विसंबू नये. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हे आपले सरकारी स्थळ काही वर्षांपूर्वी मिटले. त्यातली पुष्कळ मराठी पुस्तके अमेरिकेतल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ने आधीच उतरवून ठेवली होती, म्हणून वाचली. त्या अर्काइव्हवरही २०२४च्या ऑक्टोबरात हल्ला झाला आणि काही दिवस ते बंद पडले. मी तेव्हा गॅझेटियराच्या मधल्याच एका प्रकरणात होतो. टिपणवहीत पान क्रमांक लिहिला नव्हता, तो पुन्हा शोधायला एक रविवार गेला. तेव्हापासून वहीत आधी ग्रंथ, साल आणि पान, मग मजकूर.

माझ्या रुमालातले एक पत्र आज मी बरोबर आणले आहे. त्यावरचा सन मी आत्ताच सांगितलेला, अर्बा मयातैन. म्हणजे वेलस्ली नगरावर आला तेच वर्ष. पहिल्या ओळीत आमच्या गावाचे नाव लागते, तिसरीत ‘पेठ नगर’ लागते, त्यापुढे ‘लुटीमुळे’ असे काहीसे आहे आणि मग कसरीने खाल्लेले भोक. भोकापलीकडचे दोन शब्द मला तीन वर्षे लागलेले नाहीत. सभेत मोडीचे जाणकार असतील, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर कृपा करून पाच मिनिटे थांबावे. भिंग मी आणले आहे.