आज्ञापालन आणि विवेक



ज्या धर्माज्ञेचे कारण सांगितले जात नाही ती पाळणारा माणूस अविवेकी असतो, असे पुरोगामी चळवळीत बहुधा गृहीत धरले जाते. सह्याद्रीतील देवरायांपुढे हे गृहीत अडखळते. देवाच्या रानातील वाळकी काटकीही उचलायची नाही, उचलल्यास देव कोपतो, एवढीच तेथील आज्ञा. तरीही भोवतालचे डोंगर उघडे पडले असताना अनेक देवराया टिकल्या, आणि कित्येक ठिकाणी तेथे उगम पावणारे झरे गावाला पाणी देत राहिले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे ते या आज्ञेचे निरपवाद रूप. ‘झऱ्यासाठी झाडे राखा’ असे सकारण सांगितले असते, तर एका मोळीने झरा आटत नाही असा हिशेब प्रत्येकाने केला असता. तो हिशेब खोटाही नाही; पण सर्वांनी तसाच केला की रान संपते. वाळके लाकूड नेण्याची मुभा द्यावी, तर हिरवे तोडून वाळवणाऱ्यावर पहारा कोणी ठेवायचा? देवाचा कोप हा बिनपगारी पहारेकरी होता. शेजारीही आज्ञा पाळतो हे ज्याला दिसते, त्याने कारण न कळताही ती पाळली तर त्याला अविवेकी म्हणता येणार नाही.

फ्रीड्रिख हायेक यांनी १९८८ च्या ‘द फेटल कन्सीट’मध्ये याच धर्तीवर परंपरेची तरफदारी केली. टिकलेल्या रूढीत कोणा एकाला उलगडून न सांगता येणारे शहाणपण साठलेले असते, असा त्यांचा युक्तिवाद. परंतु महाडच्या चवदार तळ्यावरची आज्ञाही टिकलेलीच होती. १९२४ मध्ये नगरपालिकेने तळे खुले केले, तरी अस्पृश्यांना पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब सहकाऱ्यांसह ते पाणी प्याले, तेव्हा सभेहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले आणि मागाहून पंचगव्याने तळ्याची ‘शुद्धी’ झाली. तेथे तहान एकाची आणि पावित्र्य दुसऱ्याचे होते. अशी रूढी लाठीच्या बळावरही टिकते, याची हायेक यांच्या हिशेबात पुरेशी नोंद नाही.

तेव्हा आज्ञेची किंमत कोण मोजतो आणि ती नाकारणाऱ्याचे काय होते, हे कार्यकर्त्याने आधी पाहावे. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत केलेला भेद तर याहून कठोर आहे. नुसत्या नियमाबरहुकूम केलेले कृत्य योग्य असले, तरी त्यात कर्त्याची स्वतःची जबाबदारी उरत नाही.

ही कसोटी देवराईलाही सोडत नाही. काही देवरायांत रजस्वलेला प्रवेश नाही. झरा राखण्याशी या बंदीचा काडीचा संबंध नाही. आणि जवळचे रान देवाचे म्हणून दूरवरून सरपण आणण्याची पायपीट, तीही बहुतेक बाईच्याच वाट्याला येते.