शर्यत लिहिताना
(कथालेखन कार्यशाळेत दिलेले व्याख्यान)



खेळाच्या जगात घडणारी शर्यत कथेत कशी आणावी, हा माझ्या बोलण्याचा विषय. पत्रिका पाहून आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "मॅडम, हा साहित्याचा विषय की खेळाच्या तासाचा?" त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. काही वर्षांपूर्वी एका कथास्पर्धेची मी परीक्षक होते. एका विद्यार्थ्याची कथा आली होती. छोट्या छोट्या गाड्या, हवेत तरंगणारा रस्ता, रस्त्यावर पेट्या आणि पेट्यांतून निघणारी चमत्कारिक शस्त्रे. आम्ही ती पहिल्याच फेरीत बाजूला ठेवली. 'कल्पना परकी' हा शेरा माझ्याच अक्षरातला.

पुढे तो मुलगा भेटला. रागावला नव्हता. म्हणाला, "मॅम, लहानपणापासून मी याच रस्त्यांवर खेळलोय. गावाकडच्या विहिरीवर लिहिलं असतं, तर ते परकं झालं असतं." जन्म इंदूरचा, घरी आजीशी मराठी, बाहेर सगळा कारभार हिंदीत. आता तो हिंदीत लिहितो, आणि चांगले लिहितो. महाराष्ट्राबाहेर मराठीत लिहू पाहणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यांतला एक मी एका शेऱ्याने घालवला. ती कथा मी नंतर पुन्हा वाचली. कथा फसलेली होतीच, पण कारण वेगळे होते. तिच्यातले जग नव्हे, तिच्यातली शर्यत फसली होती.

आधी परकेपणाचा मुद्दा संपवू. सारीपाट म्हणजे शर्यतच. सोंगट्या पटाला फेरा घालून घरात परतायच्या, वाटेत मार खायचा, द्यायचा, फुलीच्या घरात जीव वाचवायचा. सापशिडीही शर्यतच, आणि तिच्या जुन्या भारतीय पटांवर घराघराला नावे असत. शिडी सद्गुणाची, साप दुर्गुणाचा. म्हणजे नुसता सोंगटीचा आकडा घसरत नव्हता, माणूस घसरत होता. लुईस कॅरलने १८७१ साली ॲलिसची दुसरी गोष्ट सबंध बुद्धिबळाच्या पटावर रचली. ॲलिस प्यादे म्हणून निघते आणि आठव्या घरात राणी होते. गंमत म्हणजे तांबडी राणी सुरुवातीलाच तिला सगळी वाट सांगून टाकते: तिसरे घर आगगाडीने, सहाव्यात हम्प्टी डम्प्टी, सातवे सगळे जंगल. वाट कळली म्हणून वाचकाची उत्सुकता मरत नाही. नियम आधी कळला, तरच तो मोडताना किंवा वापरताना वाचकाचा श्वास अडकतो. आमच्या विद्यार्थ्याच्या कथेत नायक हरायला आला, की दर वेळी एक नवे शस्त्र निघत होते. वाचकाने कशाची काळजी करायची?

दुसरी गोष्ट पडद्याची. पडद्याच्या कोपऱ्यात तुमचा क्रमांक सतत दिसतो. गद्याला तो कोपरा नाही. "आता अमुक तिसरा, तमुक पाचवा" असे लिहीत गेलात तर कथेची हजेरीपटाशी गाठ पडते. यावर सर्वांत जुना आणि माझ्या मते अजून सर्वांत चांगला धडा 'इलियड'च्या तेविसाव्या सर्गात आहे. पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतर अकिलीस रथांची शर्यत लावतो. रथ पाच. होमर मात्र दोनच झुंजी दाखवतो. त्यांतली एक तरुण अँटिलोकस आणि मेनेलेअस यांची. अँटिलोकसचे घोडे मंद आहेत, हे त्याच्या बापाने, नेस्टॉरने, आधीच बजावलेले: वेग नाही, तेव्हा डोके चालव. पुढे पावसाच्या पाण्याने खचलेली एक अरुंद जागा येते. दोन रथ शेजारी मावत नाहीत. अँटिलोकस तिथेच रथ घालतो. मेनेलेअस ओरडतो, हा ऐकू न आल्यासारखे करतो, आणि रथ आदळतील या भीतीने मेनेलेअस स्वतः मागे हटतो. घोडे तेच, रस्ता तोच. जिंकतो तो ज्याला गमावण्याची भीती कमी. स्वभाव सांगायला एकही विशेषण खर्च झालेले नाही.

आणि शर्यत संपल्यावर? खरी कथा तिथे रंगते. मेनेलेअस सर्वांसमक्ष त्याला म्हणतो, लबाडी केली नाहीस अशी शपथ घे. अँटिलोकस शपथ घेत नाही, मिळालेली घोडी देऊन टाकतो. मग मेनेलेअसचा राग विरघळतो आणि तो घोडी परत करतो. आपल्याकडच्या बहुतेक शर्यतकथा अंतिम रेषेवर टाळ्यांत संपतात. बक्षीस हातात आल्यावर माणसे एकमेकांकडे कशी बघतात, हे लिहायला कुणी थांबतच नाही.

होमरच्या शर्यतीत देवही ढवळाढवळ करतात. अथीना एकाचा चाबूक परत आणून देते, दुसऱ्याच्या रथाचे जू मोडते. आजच्या खेळातल्या त्या पेट्या मला याच घराण्यातल्या वाटतात. १९९२ साली आलेल्या 'सुपर मारिओ कार्ट'ने अशा शर्यतीची घडी बसवली, आणि १९९६च्या 'मारिओ कार्ट ६४'मध्ये निळे कवच आले. ते थेट पहिल्या क्रमांकाच्या गाडीचा पाठलाग करते. पेट्यांचा न्यायही असाच: मागे पडलेल्याला जोरदार शस्त्र, पुढच्याला केळ्याचे साल. घरात नवखा आणि सराईत एकत्र बसून खेळावेत, म्हणून ही सोय. कथेत मात्र या सोयीचा अर्थच पालटतो. जिथे पहिला असण्याची शिक्षा ठरलेली आहे, त्या जगात शहाणा माणूस शेवटच्या वळणापर्यंत दुसरा राहील. समजा, एक मुलगी आयुष्यभर अशी मुद्दाम दुसरी राहत आली आहे, आणि आज तिच्या पुढे असलेली गाडी तिच्या बहिणीची आहे. कवच कुणाच्या तरी हाती लागलेच आहे. ती पुढे जाऊन ते स्वतःवर घेईल का? पाहा, नियम खेळाचाच राहिला आणि प्रश्न घरचा झाला.

एक भेद मात्र विसरू नका. खेळात हरलात तर बटण दाबून पुन्हा सुरुवात. कथेत ते बटण ठेवायचे असेल, तर त्याची किंमतही लावा. प्रत्येक नव्या सुरुवातीला धावणारा काहीतरी विसरतो, एवढे जरी केले तरी पुरे.

भाषेबद्दल थोडेच. 'लॅप', 'ड्रिफ्ट' राहू द्या. त्यांना संस्कृत प्रतिशब्द घडवत बसाल तर गाडी जागची हलणार नाही. पण क्रियापदे आपली वापरा. भरधाव सुटणे, मुसंडी मारणे, हुलकावणी देणे, कासरा आवळणे, उधळणे, रेंगाळणे. बैलगाडा शर्यतीने मराठीला ही चाल दिलेली आहे. 'त्याने ओव्हरटेक केले' यात काहीच दिसत नाही. 'त्याने नाक घातले' म्हटले की गाडीही दिसते आणि गाडीवानही.

आता दुपारच्या सत्राचे काम. कागद वाटले आहेत. 'इलियड'मध्ये लांब धुळीत रथ दिसू लागतात, तेव्हा प्रेक्षकांतले दोघे पुढे कोण आहे यावरूनच भांडतात, पैजेपर्यंत जातात, आणि अकिलीसला मध्ये पडावे लागते. तुम्ही तेच करायचे. तुमच्या आवडत्या खेळातली शेवटची फेरी, फक्त कठड्यावर उभ्या असलेल्या दोघांच्या तोंडून. त्यांतल्या एकाचे माणूस शर्यतीत आहे, दुसऱ्याला ते माहीत नाही. कोण जिंकले ते लिहायचे नाही. वीस मिनिटे आहेत. परके काय आणि आपले काय, याची चिंता करू नका. शेरे मी या वेळी पेन्सिलीने लिहिणार आहे.