कन्येचे शिक्षण आणि संगणक



1974 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सुधा कुलकर्णी यांच्या दृष्टीस टेल्कोची जाहिरात पडली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असे तीत नमूद होते. त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडून त्याचा जाब विचारला. मुलाखतीचे बोलावणे आले. नेमणूक होऊन त्या पुण्यास आल्या. विवाहानंतर सुधा मूर्ती झालेल्या या विदुषीने 1981 मध्ये इन्फोसिससाठी बचतीतील 10,000 रुपये दिले, आरंभी तेथे प्रोग्रामिंगही केले. संगणकास आज्ञा क्रमवार व निःसंदिग्ध द्याव्या लागतात; त्या देणारा पुरुष की स्त्री, हे तो पाहत नाही. नानाखेड्यातील घरांनीही मुलीच्या शिक्षणाचा निर्णय याच न्यायाने करावा.