‘इंटरेस्ट’ : एक शब्द, चार अर्थ
(वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव प्रसंगी केलेले भाषण)



आजच्या समारंभात आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. ज्याचे आयुष्य खडूफळ्यात गेले, त्याने चार शब्दांऐवजी एकच शब्द नीट समजावून द्यावा, हे बरे. तो शब्द इंग्रजी आहे, परंतु आपल्या घराघरांत रुळलेला आहे. तो म्हणजे ‘इंटरेस्ट’.

‘मला गणितात इंटरेस्ट नाही’ असे मुलगा म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ गोडी. बँकेच्या पासबुकात तोच शब्द येतो, तेव्हा त्याचा अर्थ व्याज. ‘या जमिनीत अमक्याचा इंटरेस्ट आहे’ असे वकील म्हणतात, तेव्हा हक्क अथवा हितसंबंध. आणि ‘पब्लिक इंटरेस्ट’ म्हणजे सार्वजनिक हित.

एका शब्दास इतके अर्थ कसे चिकटले? त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘इंटर’ म्हणजे मध्ये आणि ‘एस्से’ म्हणजे असणे. मध्ये असणे, यावरून संबंध असणे, फरक पडणे, असा अर्थ झाला. मध्ययुगीन युरोपात कर्जावर वाढ घेणे ख्रिस्ती धर्मपीठ पाप मानीत असे. मात्र ऋणकोने मुदत चुकविल्यामुळे धनकोचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई घेण्यास मुभा असे. त्या भरपाईस हा शब्द लागला आणि पुढे तो व्याजासच चिकटला. इंग्लंडात १५४५ साली आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत शेकडा १० पर्यंत व्याज कायद्याने मान्य झाले. १५५२ मध्ये ते पुन्हा निषिद्ध ठरले आणि १५७१ मध्ये पहिला कायदा पुनश्च अमलात आला. गोडी हा अर्थ त्या मानाने अर्वाचीन, अठराव्या शतकातील.

आता आमच्याच एका चुकीची हकीकत सांगतो. ‘माय फादर टेक्स इंटरेस्ट इन माय स्टडीज’ हे वाक्य आम्ही एकदा भाषांतरासाठी दिले होते. एका मुलाने लिहिले, ‘माझे वडील माझ्या अभ्यासावर व्याज घेतात.’ आम्ही ते वर्गात मोठ्याने वाचून दाखविले. वर्ग हसला, आम्हीही हसलो. मुलगा मान खाली घालून बसला. पुढे कळले की, त्याच्या शिक्षणासाठी वडिलांनी सावकाराचे कर्ज काढले होते आणि त्या घरात व्याजाचा विषय निघाला नाही, असा दिवस जात नसे. वडील व्याज घेत नव्हते, भरीत होते; आणि मुलाच्या अभ्यासाची आस्था होती, म्हणूनच भरीत होते. शब्दाचे दोन्ही अर्थ त्या एका गृहस्थाच्या ठायी एकत्र नांदत होते. आम्ही त्या उत्तरास शून्य गुण दिले. ते शून्य आजही आमच्याच नावे मांडलेले आहे.

आपला ‘व्याज’ हा शब्दही कमी विचार करावयास लावणारा नाही. संस्कृतात व्याज म्हणजे कपट, निमित्त, मिष. वरून स्तुती आणि आतून निंदा, किंवा याच्या उलट, अशा अलंकारास ‘व्याजस्तुती’ म्हणतात, ते यामुळेच. ज्यात कपट नाही, ते ‘निर्व्याज’. इंग्रजीत ‘डिसइंटरेस्टेड’ असा शब्द आहे. विद्यार्थी त्याचा अर्थ ‘गोडी नसलेला’ असा सर्रास करतात. त्यासाठी ‘अनइंटरेस्टेड’ हा शब्द आहे. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे स्वतःचा लाभ न पाहणारा. दोन दूरच्या भाषा येथे किती जवळ आल्या, पाहा!

विद्यार्थिमित्रांनो, आज तुमच्या हाती पडलेली शिष्यवृत्ती ही निधीच्या ठेवीवरील व्याजातून आलेली आहे. परंतु ती ठेव ज्यांनी ठेवली, त्यांनी ती निर्व्याज मनाने ठेवली. उद्या तुम्ही मिळवते झालात की, या मुद्दलात यथाशक्ती भर घाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शेजारचे एखादे मूल, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असो, अभ्यासात मागे पडत असेल, तर त्याच्याजवळ घटकाभर बसा. त्याचे उत्तर चुकले, तर हसण्यापूर्वी ते का चुकले, हे विचारा. आम्ही ते त्या दिवशी विचारले नाही.