परदेशातील मराठी आई
(कळंब येथील भाषण)

भगिनींनो, कळंबला मुलाला ताप आला तर शेजारीण धावून येते. न्यू जर्सीतील मराठी आईला मात्र रजा, गाडी आणि विमा, सारे एकटीने जुळवावे लागते. एच-४ व्हिसावर गेलेल्या उच्चशिक्षित पत्नीला तर मे २०१५ पर्यंत नोकरीची अनुमतीच नव्हती. नंतर मिळाली, तीही पतीचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोहोचला असेल तरच. पदवी कपाटात आणि दिवस स्वयंपाकघरात! हा ताण डॉलरने हलका होत नाही. तेथील मराठी शाळांतून मुळाक्षरे शिकवताना अनेकींना समाधान गवसले, हे विशेष. आपण सप्टेंबरात सायंकाळी साडेपाचला फोन लावतो, तेव्हा तिच्याकडे सकाळचे आठ, डब्यांची घाई. तो रात्री साडेआठनंतर लावावा. आधी तिची विचारपूस, नातवंडे मागाहून.