आपलंच गाव, पाहुणी होऊन

दुपारची भांडी आवरून झाली असतील. कुणी तांदूळ निवडत असेल, कुणी गणपतीच्या कारखान्यात बसून मूर्ती घासत असेल. हातातलं काम थांबवू नका, ऐकता ऐकता चालू द्या. आज मी सहलीबद्दल बोलणार आहे.

मी पेण तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. मागच्या वर्षी फेब्रुवारीत एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, हप्ते वहीत लिहून झाले, आणि सहलीचा विषय निघाला. कुणी शिर्डी म्हणालं, कुणी अष्टविनायक. एका वहिनीची मुलगी कॉलेजला जाते. तिनं मोबाइलवर इटलीतल्या सिएना नावाच्या शहराचा व्हिडिओ दाखवला. तिथं दर वर्षी 2 जुलैला आणि 16 ऑगस्टला भर चौकात घोड्यांची शर्यत होते. शहराचे सतरा भाग आहेत, आपल्या आळ्यांसारखे. प्रत्येकाचं निशाण वेगळं. एका शर्यतीत दहा भागांचे घोडे धावतात. जिंकणाऱ्याला काय मिळतं, तर रंगवलेला रेशमी ध्वज. पैसे नाहीत. हे बघायला जगभरातून माणसं जातात. तिथल्या नगरपालिकेच्या जुन्या वाड्यात भिंतीवर जवळजवळ सातशे वर्षांपूर्वीची चित्रं आहेत, आणि त्यात शेतात राबणारी माणसंसुद्धा आहेत.

सगळ्या बघत बसल्या. मग एक काकू म्हणाल्या, "आळ्या तर आमच्या रोह्यालापण आहेत. धावीर महाराजांची पालखी आळीआळीतून फिरते. पोलीस बंदुका घेऊन देवाला सलामी देतात."

मी विचारलं, "काकू, तुम्ही सलामी बघितलीत?"

"नाही गं. माहेर रोह्याचं, पण पालखीच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं. सलामी व्हायची तेव्हा मी चुलीपाशी असायची."

मग मी दुसरा प्रश्न विचारला. बारा जणींच्या गटात सात जणी गणपतीच्या कारखान्यात कामाला जातात. त्यांतल्या किती जणींनी मातीच्या गोळ्यापासून डोळे लिहून होईपर्यंत अख्खी मूर्ती होताना पाहिली आहे? दोन हात वर झाले. बाकीच्यांना आपापलं काम तेवढं ठाऊक. एक घासते, एक पांढरा हात मारते, एक हिरे चिकटवते.

तिथंच ठरलं. शिर्डीला पुढच्या वर्षी जाऊ. यंदा आपलंच पेण आणि रोहा बघायचं, पण पाहुणी होऊन. डबा बरोबर, काम नाही.

पहिली सहल एप्रिलमध्ये झाली. हमरापूर, जोहे ही गावं आपल्याला नवीन नाहीत, पण त्या दिवशी आम्ही बघायला गेलो होतो. पेणमध्ये शंभराहून अधिक वर्षांपूर्वी देवधर घराण्यानं मूर्तिकामाला नावलौकिक मिळवून दिला. पुढं हे काम शहरातून आसपासच्या गावांत पसरलं. आज पेणच्या मूर्तीला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे दुसरीकडे बनलेली मूर्ती कुणी पेणची म्हणून विकू नये, यासाठी कायद्याचा आधार आहे. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीनं जातात, म्हणून त्यांचं काम महिनोन् महिने आधी उरकावं लागतं.

एका कारखान्यात मालकांनी सगळं नीट दाखवलं. शाडू मळणं, साच्यात दाबणं, हात-सोंड जोडणं, वाळवणं, घासणं, रंग आणि शेवटी आखणी, म्हणजे डोळे. पेणच्या मूर्तीचं नाव या डोळ्यांमुळेच. मालक कौतुकानं म्हणाले, "हा आमच्या आखणीकाराचा हात. लांबून ओळखू येतो."

आमच्यातल्या एक मावशी चौदा वर्षं घासकाम करतात, दुसऱ्या कारखान्यात. त्यांनी विचारलं, "आणि घासली कुणी?"

मालक हसले. म्हणाले, "घासणाऱ्या बायका बदलत असतात मावशी, नावं कुठं लक्षात राहतात?"

मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मूर्तीच्या कानामागून हलकेच अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "इथं राहिलंय बघा." मालकांनी हात लावून पाहिला. खरंच राहिलं होतं. त्यांनी लगेच मुलाला हाक मारून पॉलिश पेपर आणवला. मग मावशींना विचारलं, "तुम्ही कुठं असता कामाला?"

त्या दिवसाचं खरं बघणं मला वाटतं ते होतं. आखणीकाराचा हात डोळ्यांना दिसतो. घासणारीचा हात कळायला अंगठा लागतो.

दुसरी सहल दसऱ्याला. आदल्या रात्री आम्ही काकूंच्या माहेरी रोह्याला मुक्काम केला. काकूंनी भावाला आधीच बजावलं होतं, "उद्या पालखी बघणार. जेवण मागाहून सगळे मिळून करू." दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात देवळापाशी उभ्या राहिलो. पोलिसांनी सशस्त्र सलामी दिली, पालखी उचलली, ढोल वाजू लागले. रस्त्यांवर रांगोळ्या, दारात दिवे. माझ्या शेजारी काकू हात जोडून उभ्या होत्या. "एवढं मोठं असतं होय," एवढंच म्हणाल्या. त्यांचं वय अठ्ठावन्न.

जेवणं झाल्यावर जीप करून कुड्याच्या लेण्यांना गेलो. तळा तालुक्यात मांदाडजवळ डोंगरात ही सव्वीस बौद्ध लेणी आहेत. तिथल्या भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. कुणी दान दिलं, ते त्यात कोरलंय. मी आधी वाचून गेले होते, ते सांगितलं. मांदाडच्या महाभोज सरदाराची ओळख तिथं त्याच्या आईच्या नावानं दिली आहे, विजया नावाच्या महाभोजीचा मुलगा अशी. दान देणाऱ्यांत एक माळी आहे, एक वैद्य आहे, भिक्षुणी आहेत. एका कुटुंबातल्या मुलींनी खांबांसाठी दान दिलं, त्यांतल्या एकीचं नाव शिवपालिता, एकीचं शिवदत्ता. आपल्याच भागातल्या बायकांची नावं, अजून दगडावर आहेत.

मावशींनी खांबावरून हात फिरवला. "हे त्यांनीच घडवले?"

"नाही. त्यांनी पैसे दिले."

"मग घडवणाऱ्याचं नाव?"

"ते नाही लिहिलेलं."

"म्हणजे तेव्हापासून हे असंच," मावशी म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

परत आल्यावर बैठकीत यावर बोलणं झालं. नुसतं नावाचं असतं तर सोडून दिलं असतं. पण नावाबरोबर मजुरीपण येते. आखणी करणाऱ्या हाताला जास्त पैसे मिळतात आणि कारखाना बदलला तरी त्याला काम मिळतं. 2020 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं पीओपीविरुद्ध नियम काढले, तेव्हापासून बंदी आणि कोर्टाच्या तारखा यांनी आपल्या गावांची झोप उडवली आहे. अशा वेळी जिच्या हातात शाडूचं आणि आखणीचं कौशल्य आहे, ती टिकेल.

म्हणून गटानं तीन गोष्टी ठरवल्या. एक, प्रत्येकीनं वहीत लिहायचं, कोणतं काम येतं आणि किती वर्षं केलं. मजुरीचं बोलताना ही वही पुढं ठेवायची. दोन, ज्यांना आखणी शिकायची त्यांनी गणपतीनंतरच्या सैल दिवसांत शिकायची. मावशी तुटक्या मूर्तींवर डोळे काढायला लागल्या आहेत. पहिले दहा-बारा गणपती तिरळे झाले, हे त्याच सांगतात. तीन, सहलीसाठी महिन्याला वीस रुपये वेगळे ठेवायचे.

एका कारखान्यात आम्ही काम करणाऱ्या सगळ्यांची नावं फळ्यावर लिहायला सांगितली होती. लिहिली. सीझनच्या गडबडीत पुसली गेली, परत कुणी लिहिली नाहीत. यंदा पुन्हा सांगणार आहोत.

तुमच्या गटाला जायचं असेल तर सोपं आहे. दिवा–रोहा गाडी पेणला थांबते, रोह्यापर्यंत जाते. कारखाना बघायचा तर पावसाआधी जा, गणपतीच्या तोंडावर जाऊ नका, मालकांना बोलायला वेळ नसतो. आधी विचारून जा. ओल्या मूर्तीला हात लावू नका. पालखीसाठी आदल्या रात्रीच रोह्याला पोचा. कुड्याला चढ आहे, पाणी बरोबर घ्या.

आणि सहलीच्या दिवशी घरचा स्वयंपाक कोण करणार, हे आदल्या बैठकीतच ठरवून टाका. आमच्या दोन जणी त्याच एका कारणानं राहिल्या. यंदा त्यांचं नाव यादीत पहिलं आहे.